झोपाळ्याच्या साखळ्या

नूतनीकरण केलेल्या जुन्या बागेच्या उद्घाटनाला नगरसेविका आल्या, ढोल वाजू लागले, तरी कनिष्ठ अभियंता मृदुला हिंगमिरेचा जीव थाऱ्यावर नव्हता. देखभालीचा सगळा निधी प्रवेशद्वाराच्या कमानीत गेला होता. झोपाळ्यांच्या गंजलेल्या साखळ्या बदलायला काही उरलंच नाही. त्यांच्यावर नुसता पिवळा रंग फासला होता. तिने दोनदा लेखी कळवलं होतं.

"साहेब, निदान मोठा झोपाळा तरी बांधून ठेवू या," ती पुन्हा म्हणाली.

"आजच्या दिवशी? अहो, फोटो तिथेच काढायचेत," उपअभियंता शेंडगे तोंड फिरवत म्हणाले.

फीत कापली आणि मुलं त्या झोपाळ्याकडे धावली. मृदुला साडी सावरत त्यांच्याही पुढे पळाली आणि फळीवर जाऊन बसली. "आधी मी!" मुलं खिदळली, नगरसेविकाही हसल्या. तिने जमिनीला पाय रेटून झोका उंच उंच नेला. चौथ्या हेलकाव्याला साखळी काडकन तुटली आणि ती मातीत आदळली.

संध्याकाळी शेंडगे दवाखान्यात आले, तेव्हा तिचा डावा हात प्लास्टरमध्ये होता.

"चारचौघांत शोभा केलीत आमची. नोटीस निघेल तुम्हाला."

"निघू दे. बाकीचे झोपाळे?"

"काढायला लावले सगळे."

बोलणं संपलं होतं, तरी ते जाईनात. खिडकीपर्यंत गेले, परत आले, पलंगाच्या दांडीला धरून उभे राहिले.

"त्या मुलांत माझी नात सगळ्यांत पुढे होती," ते म्हणाले, आणि त्यांना खुर्ची ओढून बसावंच लागलं.