उशाकडची जागा

“नात्यातली कोण हाय? त्याच्या गल्लीतली कोण हाय? दोन पावलं मागं सरका,” गुरुलिंग सर म्हणाले.

लोह्याच्या कॉलेजच्या मैदानावर एनसीसीच्या मुली रांगेत उभ्या होत्या. शहीद जवान भागवतचं पार्थिव नांदेडहून निघालं होतं. ते मंडपात आलं की चार कोपऱ्यांना चार कॅडेट मान खाली घालून उभ्या राहणार होत्या. बंदूक उलटी, नळीचं टोक बुटावर, दोन्ही हात दस्त्यावर. याला शोक शस्त्र म्हणतात. अंत्यदर्शन संपेपर्यंत तसंच राहायचं. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही.

घरच्या पोरी ऐन वेळी मोडतात, हा सरांचा अनुभव होता. मागे एकदा औशाकडे अशाच कार्यक्रमात जवानाची चुलतबहीण बंदुकीसकट कोसळली आणि टीव्हीवाल्यांनी दिवसभर तेवढंच दाखवलं. तेव्हापासून सर विचारूनच मुली निवडत.

सृष्टी मागे सरकली. ती भागवतच्याच गल्लीतली, त्याला राखी बांधायची. सर एकेकीला विचारत पुढे आले. लुबनासमोर मात्र त्यांनी विचारलंच नाही. मुज्तबा टेलरच्या पोरीचं भागवतच्या वडलांच्या, शेषेरावांच्या घराशी काय नातं असणार? त्यांनी तिची टोपी सरळ केली.

“तू उशाकडं.”

“हाव, सर.”

“कर्नल साहेब येऊन राहिलेत. दिल्लीच्या परेडला नावं तेच पाठवतात. नीट उभी राहिलीस तर तुझं नाव पक्कं. पण डोळ्यात पाणी दिसलं की मी दुसरी पोरगी उभी करणार. मग बोलायचं न्हाई.”

लुबनाने मान हलवली. ती जागा तिला हवी होती आणि शेवटपर्यंत हवी होती. त्यापलीकडे तिच्या डोक्यात काही नव्हतं.

सकाळपासून तिला काहीच वाटत नव्हतं. अम्मीने समोर ठेवलेली पोळी तिने गिळली, चव कळली नाही. अब्बांनी गणवेशाला इस्त्री करून दिली; तो गरम शर्ट अंगात घातला, तेही कळलं नाही. परेडची धास्ती घेतलीय पोरीनं, असं घरच्यांना वाटलं. तिने वाटू दिलं.

गावाने कशात कमी पडू दिलं नव्हतं. बाजार बंद होता, रस्त्यावर रांगोळ्या होत्या आणि चौकाचौकात बॅनर लागले होते. त्यांवर भागवतपेक्षा पुढाऱ्यांचेच फोटो मोठे होते. एका बॅनरवर तर भागवत पार कोपऱ्यात, पास काढायला दिलेल्या फोटोएवढा.

तो याच कॉलेजचा कॅडेट. सुट्टीवर आला की मैदानावर यायचा, पोरापोरींची कवायत घ्यायचा. गुडघे ताणू नका, चक्कर येते. बुटातली बोटं हलवत राहा, कुणाला दिसत नाही, हे त्यानेच शिकवलेलं. लुबना आता बोटं हलवत होती.

पेटी आली. तिरंगा नीट केला गेला. शेषेरावांना दोघांनी धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. भागवतची आई, कस्तुराबाई, स्वतःच्या पायांनी आली आणि खुर्ची सोडून पेटीच्या उशाला खाली बसली, लुबनाच्या बुटांना लागूनच. बातमी आल्यापासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. रडली असती तर बरं झालं असतं, असं सगळेच म्हणत होते. बायांनी पाठीवरून हात फिरवले, नाव घेऊन हाका मारल्या. कस्तुराबाई नुसती बघत राहिली. कधी पेटीकडे, कधी लुबनाकडे.

रांग सरकू लागली. एका पुढाऱ्याने पुष्पचक्र वाहिलं आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा वाहिलं. लोह्याची माणसं आली, खेड्यापाड्यांची आली. एक म्हातारी पेटीवर हात ठेवून हळूच म्हणाली, “सगळं केलं रं लेकरा. लगीन तेवढं राह्यलं.”

लुबनाच्या बुटातली बोटं थांबली.

थोड्या वेळाने तिच्या हनुवटीवरून एक थेंब दस्त्यावर पडला. सर लगेच जवळ आले आणि वाकून तिचा चेहरा बघू लागले.

“काय हाय ते?”

“घाम, सर.”

तो घामच होता. डोळे कोरडे ठणठणीत होते. सर मागे सरले, कर्नल साहेबांपाशी जाऊन आले आणि येताना तिच्या कानाशी म्हणाले की दिल्ली झाली समज, आता थोडंच राहिलं.

रांग संपली. पेटी उचलायला जवान पुढे आले. पेटी हलेपर्यंत कॅडेटनी जागा सोडायची नव्हती. शेजारच्या बायांनी कस्तुराबाईला काखेत धरून उठवायला घेतलं. तिने त्यांचे हात बाजूला केले. मग लुबनाच्या मनगटाला धरून ती स्वतःच उभी राहिली. सर धावत आले. परेडमधल्या पोरीला हात लावायचा नसतो, असं ते अगदी नरमाईने सांगू लागले.

कस्तुराबाईने त्यांच्याकडे बघितलंही नाही. लुबनाच्या हातातली बंदूक तिने काढून घेतली आणि सरांच्या हातात दिली.

“लई येळ परक्यावानी उभी राह्यलीस,” ती म्हणाली. “त्यानं मला सांगितलं व्हतं. बस आता त्याच्यापाशी, सूनबाई.”