नवसाबाईच्या शिव्या

“नवसाबाई म्हणजे शांत, सोशिक, मितभाषी माउली!”

माइकवरच्या पुढाऱ्याने हात जोडले, तशी गोदावरीच्या घाटावर दशक्रियेला जमलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

नवसाबाई आणि मितभाषी? पन्नास वर्षं फूलबाजारात झेंडू-शेवंती विकली बाईने. तिने तोंड उघडलं की रिक्षावाले हॉर्न वाजवायचं थांबायचे. आज पिंडाला कावळासुद्धा एका मिनिटात शिवला. “न येऊन सांगतो कुणाला,” पुंजाराम हमाल हळूच म्हणाला होता.

पुढारी घड्याळ बघत पुढच्या दशक्रियेला पळाला. मग नातवाने, समाधानने माइक घेतला. लिहून आणलेला कागद उघडला. वाचला. परत खिशात कोंबला.

“खरं सांगू का? आजी मला मुडद्या म्हणायची. बारावी पास झालो, मार्कशीट दाखवायला गेलो, तर म्हणते, ‘मुडद्या, नुसता कागद काय आणतो, पेढे आण!’”

मग बायकांच्या बाजूने कुणीतरी फिस्सकन हसलं आणि झालं, बांधच फुटला.

पुंजाराम उठला. “मला रेड्या म्हणायची. माझ्या लग्नात, भर मांडवात! ‘रेड्या, वाक जरा, टोपी घालायचीय!’”

“मी टवळी!” एक हारवाली ओरडली. “आणि ही माझी बहीण, ही भवानी!”

“मी बावन्न वर्षांचा झालो तरी गाढवच,” नवसाबाईचा मुलगा संतोष म्हणाला. मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत तो हसत होता आणि डोळेही पुसत होता.

फक्त त्याची बायको सिंधुबाई खाली मान घालून बसली होती. आपल्याला कुणी विचारू नये, एवढंच तिला वाटत होतं.

कारण तिच्याकडे सांगायला एकही शिवी नव्हती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली, तेव्हा शेजारणीने कानात सांगितलं होतं, “सासूने शिवी दिली की समजायचं, तू तिची झाली.” तेव्हापासून सिंधुबाई वाट बघत राहिली. शेजारणीला मिळाली, दूधवाल्याला मिळाली, आंधळ्या कुत्र्याला मिळाली. हिला आपलं “अहो सिंधुबाई, चहा टाकता का?” एकदा तर तिने मुद्दाम भाकर करपवली. नवसाबाईने ती कडाकडा चावून खाल्ली आणि म्हणाली, “छान कडक झालीय हो, सिंधुबाई.”

उलट सिंधुबाईच तिच्यावर खेकसायची. गोळी घेतली का? स्वेटर कुठंय? न्याहारी केल्याशिवाय पाय बाहेर टाकायचा नाही, सांगून ठेवते! आणि अख्ख्या बाजाराला ताळ्यावर आणणारी बाई गपगुमान पाटावर बसून खायची. तिचं ते गप बसणंच सिंधुबाईला लागायचं. परक्याच्या घरी माणूस बसतं, तसं.

“आई, तुला काय म्हणायची गं?” समाधानने माइकवरूनच विचारलं.

सगळ्या माना वळल्या. सिंधुबाई उठली. ‘भवानी’ असं तोंडावर आलंही होतं, पण सासूच्या दशक्रियेला खोटं कसं बोलायचं?

“काहीच नाही,” ती म्हणाली. “अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही. सगळे त्यांचे झाले. मी परकीच राहिले.”

हसणं जागच्या जागी थांबलं. समाधानला आपण कुठून विचारलं असं झालं.

तेवढ्यात बायकांमधून गोजराबाई उठली. बाजारात इतकी वर्षं नवसाबाईच्या मांडीला मांडी लावून बसलेली. गुडघे धरत धरत ती पुढे आली आणि तिने समाधानच्या हातातला माइक ओढून घेतला.

“अगं येडे, तुला कशी शिवी देईल ती? तुला तर लय घाबरायची! सांजचे सात वाजले की पाटी उचलायची. मी म्हनायची, बस की गं, अजून गिऱ्हाईक हाय. तर म्हनायची, ‘नको बाई, सिंधुबाई ओरडंल.’”

कुणीतरी हसलं. गोजराबाईने तिकडे डोळे वटारले.

“हसू नका. तिची माय ती दोन वर्सांची असताना गेली. चुलत्याच्या घरी वाढली. खाल्लं का नाय, थंडी वाजती का, जल्मात कुनी इचारलं नाय तिला. ही सिंधू घरात येऊन आठ दिवस झाले नसतील. सकाळी बाजारात आली ती अशी उड्या मारत. पाटी खाली ठेवायच्या आधी मला गदागदा हलवून म्हनती कशी, ‘गोजरे, गोजरे, ऐक तर! आज न्याहारी केली नाय म्हनून मला घरी कुनीतरी रागावलं!’”