कारणासकट
‘कामावरून काढलं’ ही ओळ लिफ्टच्या मेकॅनिकनं बायोडेटातून तीनदा खोडली आणि बायकोनं तीनदा परत लिहिली. “दोर झिजला म्हणून मालकाला न जुमानता लिफ्टला कुलूप घातलंत, चोरी नाही केलीत!” ती कडाडली. “अगं, पाच महिने घरी बसलोय. हे वाचून कोण दारात उभं करेल?” “लिहा गुमान, कारणासकट!” तो तसाच बायोडेटा घेऊन मुलाखतीला गेला. इमारतीच्या मॅनेजरबाई धापा टाकत आल्या आणि वाचता वाचता नेमक्या त्याच ओळीवर थबकल्या. “मी नको म्हटलं तरी आमची लिफ्ट बंद कराल?” ‘नाही’ अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. “करीन, मॅडम.” बाईंनी खणातून किल्ली काढून पुढे सरकवली. “मग आजच बघा. जुना मेकॅनिक मी म्हणेन त्याला नुसता मान डोलवायचा. त्या लिफ्टचा भरवसा वाटत नाही म्हणून मी तीन महिने सहा मजले जिन्यानं चढतेय.”