खुर्चीवरची फळी

मुलांनो, कल्पना करा, सपाट मैदानी मुलखातलं एक लहानसं शहर आहे. तिथल्या न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर दोन आरसे आहेत, त्यामुळे आरशात आरसे दिसत राहतात.

लहान मुलांसाठी न्हावी खुर्चीच्या हातांवर फळी टाकतो. त्याची स्वतःची दोन्ही मुलं, ताई आणि तिचा धाकटा भाऊ, त्या एकाच फळीवर दाटीवाटीने बसायची. मग धाकटा तापाने गेला. आज बाबांनी ताईला एकटीला मधोमध बसवलं.

“बाबा, तिकडे आत, लांबच्या आरशात बघा. तो माझ्याशेजारी बसलाय.”

“मान हलवू नकोस गं, कान जाईल,” बाबा म्हणाले. मग त्यांनीही पाहिलं. कात्री थांबली.

“कसा अंग चोरून बसलाय, बाबा.”

फळीची रिकामी कड हळूच वाकली.

ताई सरकली आणि तिने त्याला जागा करून दिली.