काढाच आता

“डॉक्टर म्हणाले, काढाच आता,” मामंजी फोन ठेवत म्हणाले.

सूनबाई मागच्या खोलीतून धावत आली. हातांना अळंबीच्या पिशव्यांतला ओला भुसा चिकटला होता. “आणखी काय म्हणाले?”

“आवाज तुटत होता. पण उशीर नको म्हणाले. सकाळी, रिकाम्या पोटी. अर्धवट नको, पूर्ण. दुसरा उपाय नाही.”

मामंजी कानाने अधू होते, पण पदरचं काही घालायची सवय त्यांना नव्हती. ऐकलं तेवढंच सांगायचे.

तिच्या जिवात जीव आला. नवऱ्याच्या पोटात गाठ होती. त्या गाठीचे फोटो डॉक्टरांना द्यायला गेली तेव्हा तिने त्यांच्या टेबलावर वाळवलेल्या अळंबीचं पाकीटही ठेवलं होतं. याचं काही देऊ का, असं भीत भीत विचारलं होतं. डॉक्टर पाकिटाकडे बघून नुसते हसले होते. “सगळं नीट बघतो आणि फोन करतो.”

नवरा पलंगावर उठून बसला. दवाखान्याच्या धास्तीनेच तो अर्धा झाला होता. आज कितीतरी दिवसांनी त्याला विनोद सुचला. “काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, औषध मागच्या खोलीत पिकतंय आणि आपण दारोदार हिंडतोय.”

तरीही तिने दवाखान्यात फोन लावलाच. गिऱ्हाइकांना ती नेहमी बजावायची, अळंबी जोडीला घ्या, डॉक्टरांचं औषध सोडू नका. कुणी खोकल्यासाठी न्यायचं, कुणी झोपेसाठी. चहात चिमूटभर पूड टाकणारे एक आजोबा तर म्हणे पुन्हा जिने चढू लागले होते. ती ऐकून घ्यायची आणि पाकीट बांधून द्यायची. फुशारकी तिने कधी मारली नाही.

फोनवरची बाई घाईत होती. “डॉक्टर लांबच्या दौऱ्यावर गेलेत. त्यांनी काय सांगितलंय?”

“काढाच आता, असं.”

“मग थांबलात कशाला? त्यांची वाट बघू नका. कुठेही केलंत तरी चालेल.”

तिने त्याच दिवशी सगळ्यात जून, लाकडासारखी टणक अळंबी निवडली, कुटली आणि पाणी चौथाईवर येईपर्यंत उकळली. सकाळी नवऱ्याने नाक दाबून पेला रिकामा केला.

“जहर आहे गं!”

“पूर्ण घ्यायचंय. अर्धवट नको म्हणालेत.”

पहिले काही दिवस त्याला भूक लागली. घर हसायला लागलं. मग दुखणं परत आलं, आणि येताना व्याजासकट आलं. गालफडं बसली, पँट कमरेवर ठरेना. तिने अळंबी दुप्पट केली. तो ओकला की पुसून घ्यायची आणि पुन्हा चूल पेटवायची. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तिच्या हाती तेवढंच होतं. दुकान बंद झालं. दाराशी आलेल्या गिऱ्हाइकांवर ती खेकसायला लागली, कारण एकेक तुकडा आता त्याचा होता.

“पुरे कर गं,” एका सकाळी तो म्हणाला.

“तुम्ही गेलात तर मी काय करू?” ती ओरडली. मग तिथेच बसून ढसाढसा रडली. त्याने तिच्या हातातला पेला घेतला आणि मुकाट्याने संपवला.

त्याची शुद्ध हरपली तेव्हा शेजाऱ्यांची गाडी काढून तिने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर परतले होते. त्याला बघून त्यांचा चेहरा उतरला.

“असं कसं झालं? मी फोनवर सांगितलं होतं ना, काढाच आता म्हणून?”

“हो डॉक्टर. दुसऱ्याच दिवशी सुरू केलं. एक दिवस चुकवला नाही.”

डॉक्टरांना ते नीट कळलं नसावं. “कुणाकडे केलंत?”

“घरीच. माझ्या हाताने.”

डॉक्टरांनी घाईने नवऱ्याचा शर्ट वर सारला आणि पोटावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.

“बाई,” ते म्हणाले, “टाके कुठे आहेत?”