जरा मोठं झालंय

थोरलीला जुळी झाली त्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, शिंपी आपल्या मधल्या मुलीबरोबर कॉलेजच्या तपासणीच्या खोलीत आला. मुलगी पलंगावर कुशीवर पडली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवर यंत्राची दांडी धरली होती आणि शेजारच्या काचेवर तिचं हृदय उघडत-मिटत होतं.

कोणत्या व्यायामानं तरुण मुलींच्या हृदयात काय फरक पडतो, ते कॉलेजात पाहत होते. चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते. मधलीला धावणं आलं, तिच्या चुलतबहिणीला वजनं उचलणं. काही मुलींना नुसतं होतं तसंच राहायला सांगितलं होतं.

"काका, त्या गटात तुमचा पहिला नंबर लागला असता," पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली चुलतबहीण म्हणाली.

"माझे पाय दिवसभर मशीनवर चालतात, पैलवान," शिंपी म्हणाला.

डॉक्टरीणबाई काचेकडे बघून खूश झाल्या. "छान. हृदय जरा मोठं झालंय."

शिंपी उभा राहिला. "ऊठ," तो मुलीला म्हणाला. "आजपासून धावणं बंद."

"बाबा, मला संघात घेतलंय."

"हिच्या आईचंही असंच सांगितलं होतं," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "हेच शब्द. वर्षभरात गेली."

बाईंचा हात थांबला. त्यांनी त्याला पुन्हा बसायला सांगितलं. "तुम्ही काय करता?"

"शिवतो."

"मग सांगा, कपडा मोठा कधी होतो?"

"वापरून सैल पडला तर. नाहीतर मुळातच ऐसपैस बेतला तर."

"हिच्या आईचं सैल पडलं असणार. त्याला ओढ राहिली नसणार. हिचं तसं नाही. धावून धावून त्यात जास्त रक्त मावायला लागलंय, म्हणून कमी ठोक्यांत भागतं. बघा, कसं घट्ट मिटतंय."

शिंपी काचेजवळ गेला. चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "आणि या पैलवानाचं?"

"तिच्या हृदयाची भिंत किंचित जाड झालीय."

"म्हणजे अस्तर लावलं."

"तसं म्हणा."

"आणि हिच्यात माया सोडलीय."

बाईंना कळेना. शिंप्यानं आपल्या सदऱ्याची कड उलटी करून दाखवली. शिवणीच्या आत बोटभर कापड दुमडलेलं होतं. "ही माया. अंग वाढलं तर उसवून घेता येतं. बाहेरून दिसत नाही."

बाई हसल्या. "फरक थोडाच आहे हं. सगळ्या मुलींचं बघून झाल्याशिवाय मी ठाम काही सांगणार नाही. पण घाबरण्यासारखं काही नाही."

मधलीनं पडल्यापडल्या मान वळवली. "मग धावू?"

"हलू नकोस, चित्र हलतंय," शिंपी म्हणाला. तो अजून काचेकडेच बघत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "तुझे ते बूट फाटलेत. त्यांनी धावू नकोस. नवे घेऊ."

चुलतबहिणीनं मधलीच्या पायाला हळूच चिमटा काढला.

तपासणी आटोपली. मुली बाहेर गेल्या. शिंपी दारापर्यंत जाऊन मागे वळला. "बाई, माझ्यात माया किती उरलीय, ते दिसेल का यात?"

"दिसेल की. पुढच्या आठवड्यात या."

"आता शाळा उघडतायत. गणवेश हातावेगळे झाले की येतो."

शिंपी त्याच वर्षी थंडीत गेला, सकाळी, मशीनवर बसल्याबसल्या. मधली तेव्हा मैदानावर धावत होती.