इंटरकूलरच्या पोटात

अर्जुनरावांनी बाकावरचा इंटरकूलर उलटा केला आणि त्यांचे बोट कडेच्या सांध्यावर थबकले. दोन जाळ्या जोडून एक केलेली. वेल्डिंगची शिवण माशाच्या खवल्यांसारखी, एकावर एक नेमकी बसलेली. ती शिवण त्यांच्याच हातची होती.

"कुठनं आनलास ह्यो?"

"भंगारातून, काका," ज्ञानेश म्हणाला. महाळुंग्याच्या एका कंपनीत तो तपासनीस होता आणि पगारातला बराचसा भाग आपल्या गाडीला वाहत असे. "कुठल्यातरी ॲक्सिडेंटच्या गाडीचा आहे. माझा अगदी लहान पडतो. टर्बोनं दाबलेली हवा तापते, ती थंड करता करता तो दमतो. ट्रॅकवर तीन फेऱ्या झाल्या की गाडी मलूल. हा मोठा बसेल ना?"

"बसंल. बंपर आतनं कापावा लागंल, पाइप नवं वळवावं लागतील. उद्या दुपारी ये."

गाडी तिथेच सोडून ज्ञानेश गेल्यावर अर्जुनराव स्टुलावर बसले. बाहेर कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग हळूहळू पुढे सरकत होती.

दीड वर्षापूर्वी हाच इंटरकूलर त्यांनी प्रज्वलच्या गाडीला बसवला होता आणि टर्बोही स्वतः उघडून पुन्हा जुळवला होता. महिनाभरात पुनावळ्याजवळ, महामार्गावर, ती गाडी एका ट्रकला ओलांडताना उलटली. प्रज्वल वाचला, त्याच्या पत्नीचा, दिपालीचा, उजवा पाय मात्र गुडघ्यातून कायमचा ताठला. प्रज्वलचे वडील चार माणसांत बोलले, की म्हाताऱ्याने बसवलेला टर्बो ऐन वेळी फुटला. बोल पसरायला किती वेळ लागतो? अर्जुनरावांच्या दारातली गाड्यांची रांग आटली. गाडी तर केव्हाच भंगारात जाऊन वितळली होती. खरेखोटे सांगणारे काही उरले नव्हते.

आता हे उरले होते. टर्बोचा पंखा फुटला असता, तर त्याचे कण हवेबरोबर थेट या पेटीत येऊन अडकले असते.

त्यांनी दिपालीला फोन लावला. "उद्या सकाळी येऊन जा, पोरी. त्या दिशी गाडीत काय झालं, ते डोळ्यांनी दिसंल."

"देव पावला म्हना," रुक्मिणीबाई जेवताना नवऱ्याला म्हणाल्या. "आता तरी लोकांची तोंडं मिटतील."

अर्जुनरावांची जुनी रीत होती: मेलेल्या गाडीचे पोट पाहिल्यावाचून तिचा अवयव दुसरीला लावायचा नाही. सकाळी स्नान करून त्यांनी इंटरकूलरमध्ये पेट्रोल ओतले, तान्ह्या बाळासारखा तो दोन्ही हातांनी हलवला आणि आतले पेट्रोल धुतलेल्या पांढऱ्या फडक्यातून परातीत गाळले. मग पुन्हा. मग आणखी एकदा. फडके उचलून ते दाराच्या उजेडात गेले आणि बराच वेळ निरखीत उभे राहिले.

"काय निगालं?" रुक्मिणीबाईंनी विचारले.

"तिला येऊ दे."

फडके खिळ्याला अडकवून ते ज्ञानेशच्या गाडीसाठी कापलेल्या पाइपांची तोंडे कानशीने घासू लागले. बाकावर बारीक कीस साचत गेला.

दिपाली काठी टेकीत आली. रुक्मिणीबाईंनी तिला अंगणातल्या खुर्चीवर बसवले, चहा दिला. कप हातात धरून ती हळूहळू बोलू लागली.

"काका, मी भांडायला आले नाही. प्रज्वलला तो क्षण आठवतच नाही. घरात कोणी तुम्हाला नावं ठेवली, की हा ताटावरून उठतो. म्हणतो, अर्जुनकाकांचं काम चुकत नसतं, चुकलो मीच. नोकरी सोडली त्यानं. माझ्या पायाकडे बघत नाही. परवा म्हणाला, तू माहेरी जा, मी तुझ्याजवळ राहायच्या लायकीचा नाही. गाडीचाच दोष होता, असं मी शंभरदा सांगितलं. त्याला पटत नाही. तुमचा फोन आल्यापासून तो जागेवरून हललेला नाही. म्हणाला, जे असेल ते सांग."

अर्जुनराव काही वेळ तिच्या काठीकडे पाहत राहिले.

"तू चहा घे," ते म्हणाले. "मी फडकं घिऊन येतो."

त्यांना यायला थोडा उशीरच झाला. आल्यावर त्यांनी फडके दोन्ही हातांवर पसरले. पांढऱ्या कापडावर धातूचे बारीक कण उन्हात चमकत होते.

"टर्बोचा पंखा फुटला व्हता. म्याच बसवलेला. ट्रकच्या फुडं गाडीची ताकद एकदम गेली आसंल. तिथं कुनीबी आसता, तरी ह्येच झालं आसतं. तुज्या नवऱ्याचा काय दोष न्हाई."

रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाशी नेला.

दिपालीने प्रज्वलला फोन लावला, कणांवरून कॅमेरा सावकाश फिरवला. पलीकडून एका पुरुषाच्या हुंदक्याचा आवाज आला, आणि तो थांबेचना.

"हे फडकं नेऊ का?" तिने डोळे पुसत विचारले. "मामंजी मात्र आता गप्प बसायचे नाहीत, काका."

"न्हाई बसलं तर न्हाई. तू ने."

ती फाटकातून बाहेर पडत असतानाच ज्ञानेश येत होता. दिपालीच्या हातातले फडके त्याने पाहिले, दोन शब्द विचारले आणि उतरलेल्या चेहऱ्याने आत आला.

"काका, राहू द्या आता हा. पोटातून एवढा कीस निघाला म्हणजे जाळीत आणखी अडकलेला असणार. एक कण आत गेला तरी माझं इंजिन संपलं."

अर्जुनरावांनी दूरवर जाणाऱ्या काठीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत वाट पाहिली. मग इंटरकूलर उचलून ते गाडीपाशी गेले.

"बिनघोर बसवू," ते म्हणाले. "सकाळी तीनदा धुतला, एक कणसुदिक निगाला न्हाई."